गिरणी की पक्षी? क्रॉमफर्डच्या वाटेवर दोन्ही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या शेवटी लेकीकडे इंग्लंडमधल्या डर्बीला येताय आणि फिरायला मोकळा असा एकच दिवस हाताशी आहे. तुमची पस्तीस वर्षं सूतगिरणीत, रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर गेली, तेव्हा तुम्हाला आर्कराइटची क्रॉमफर्डची जुनी सूतगिरणी आणि तिथल्या डर्वेंट नदीच्या दरीतले जुने कारखाने, खाणी बघायच्यात. वहिनींना पक्षी बघायचेत. चालायची दोघांनाही सवय आहे. तर त्या एका दिवसात कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही. हे गोड बोलून वेळ मारून नेणं नाही. गेली सतरा वर्षं मी याच वाटांवर लोकांना पायी फिरवतो. सुरुवातीला मीही दोन गट करायचो, एक यंत्रवेड्यांचा आणि एक दुर्बीणवाल्यांचा. मग लक्षात आलं की दोन्ही गटांना मी त्याच पुलावर, त्याच बंधाऱ्याशी आणि त्याच चिमणीखाली थांबवतोय. इथली गिरणी पाण्यासाठी आली, कालवा पाण्यावर जगला आणि वरच्या डोंगरावरची रेल्वे तर पाणी नव्हतं म्हणून बांधली गेली. पक्ष्यांची वाटणीही त्याच हिशोबाने झाली आहे. दिवसभर पाणी कुठून येतंय आणि कुठे नाहीसं होतंय एवढं बघत राहा, दोघांचंही काम होईल.

डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी गाडी आहे, तिने क्रॉमफर्डला उतरा. तिथून नदीवरचा पूल, कालव्याचा धक्का, कालव्याकाठाने हाय पीक जंक्शन आणि लीवुडचं पंपघर, मग शीप पाश्चरचा चढ चढून ब्लॅक रॉक्स, मिडलटन टॉप आणि दम असेल तर हॉप्टनच्या बोगद्यापलीकडे थोडं. त्याच वाटेने परत. सगळं मिळून वीसेक किलोमीटर भरतं. मिडलटन टॉपवरून मागे फिरलात तर बरंच कमी. सकाळी जितकी लवकरची गाडी मिळेल तितकी पकडा आणि गिरणीचं आवार परतीसाठी ठेवा. तुमचा जीव गिरणीकडे ओढ घेणार हे ठाऊक आहे, पण कालव्यावरची पहिली दोन तासांची शांतता पुन्हा मिळत नाही. नंतर कुत्री फिरवणारे येतात.

स्टेशनवरून उतरताना डर्वेंट नदीवरचा जुना पूल लागतो. पंधराव्या शतकातला आहे. खाली वाकून दोन्ही बाजू बघा: एका अंगाच्या कमानी टोकदार, दुसऱ्या अंगाच्या गोल. पूल मागाहून रुंद केला आणि नव्या गवंड्यांनी आपल्या काळाच्या कमानी घातल्या. इथेच वहिनींना दहा मिनिटं द्या. प्रवाहातल्या दगडांवर एक गुबगुबीत, चॉकलेटी रंगाचा, छातीवर शुभ्र लाळेरं बांधल्यासारखा पक्षी शोधायचा. इंग्रजीत डिपर. मराठीत त्याला नाव असल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण तो आपल्या बाजूला येतच नाही. त्याचा तपकिरी चुलतभाऊ हिमालयातल्या ओढ्यांवर असतो. आमच्या घरात त्याला ‘उठबश्या’ म्हणतात. दगडावर उभा राहून तो सतत गुडघ्यात वाकतो, जणू शिक्षा झालीये. मध्येच डोळ्यावर पांढरी पापणी मिटते, ती साध्या डोळ्यांनीही दिसते. आणि मग तो सरळ चालत पाण्यात शिरतो. पायऱ्या उतरावं तसा डोक्यापर्यंत आत जातो आणि तळाचे दगड उलटून किड्यांच्या अळ्या शोधतो. पाणी घाण झालं की या अळ्या आधी जातात आणि मागोमाग हाही जातो. म्हणजे हा पक्षी दिसणं हा नदीच्या तब्येतीचा दाखलाच आहे.

त्याच्या आसपास लांब शेपटी हलवणारा करडा धोबी असेलच. तो तुम्हाला ओळखीचा वाटेल, कारण हाच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतो. फक्त इथे तो विणीच्या पोशाखात असतो: पोट हळदीसारखं पिवळं आणि नराचा गळा काळा.

पूल ओलांडून पुढे गेलं की रस्त्याच्या एका बाजूला गिरणी आणि दुसऱ्या बाजूला कालव्याचा धक्का. आत्ता आत जायचं नाही, पण डोक्यावरून रस्ता ओलांडणारी लोखंडी पन्हळ बघून घ्या. ती १८२१ ची आहे आणि आजच्या सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे. आर्कराइटने १७७१ मध्ये इथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. प्रश्न पडतो की शेजारून एवढी डर्वेंट वाहत असताना तो या लहानशा बोन्सल ओढ्यापाशी का आला? एक तर लहान ओढा हाताळायला सोपा. आणि दुसरं म्हणजे इथे डोंगराच्या पोटातून फुकटचं पाणी मिळत होतं. वरच्या चुनखडीच्या डोंगरात शिशाच्या खाणी होत्या. त्या खोल गेल्या की पाण्याने भरत, म्हणून खाणवाल्यांनी दरीच्या बाजूने डोंगरात आडवे बोगदे खणून ते पाणी बाहेर काढलं. या बोगद्याला इथले लोक ‘सफ’ म्हणतात. क्रॉमफर्ड सफ सतराव्या शतकापासूनचा. जमिनीच्या पोटातून येणारं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नसे. ओढा गोठला तरी चाक फिरत राही. खाणवाल्यांची डोकेदुखी ती गिरणीवाल्याचं भांडवल झाली.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. खाणी आणखी खोल गेल्या, तेव्हा खाणवाल्यांनी आणखी खालच्या पातळीवर मीरब्रुक नावाचा नवा सफ खणला. साहजिकच पाणी खालच्या वाटेने वळलं आणि क्रॉमफर्डच्या सफाचा प्रवाह आटत गेला. आर्कराइट घराणं कोर्टात गेलं. १८३९ मध्ये निकाल लागला तो त्यांच्या विरुद्ध: हा प्रवाह निसर्गाचा नव्हे, खाणीच्या सोयीसाठी माणसाने काढलेला, खाणवाल्यांनी तो कायम तुमच्यासाठी चालू ठेवावा असा हक्क तुम्हाला नाही. गिरणीचं पाणी गेलं. कालव्यालाही याच सफाचं पाणी मिळत होतं, तोही तहानला. हे लक्षात ठेवा, अर्ध्या तासाने कामाला येणार आहे.

आता कालवा. विल्यम जेसप हा त्याचा मुख्य इंजिनियर, १७९४ मध्ये काम पुरं झालं. दगड, चुना, शिसं, कोळसा आणि सूत यांच्यासाठी बांधलेला हा कालवा १९४४ मध्ये अधिकृतपणे बंद केला. होड्या थांबल्या, पाणी मात्र राहिलं. तळाला मळलेल्या चिकणमातीचा थर आहे, एका बाजूला घोड्यांनी होड्या ओढण्याची सपाट पायवाट, दुसऱ्या बाजूला झाडांचा डोंगरउतार. उथळ, संथ आणि पुराचं भय नसलेलं पाणी. नदीत अंडी वाहून जातात, इथे तसा धोका नाही. म्हणून नदीत उठबश्या आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या कालव्यात टिबुकली, अशी वाटणी झाली आहे.

हो, टिबुकली. आपल्या तळ्यातली तीच, जात एकच. इथे येऊन लोक मोठ्या हौसेने परदेशी पक्षी शोधतात आणि या कालव्यावर त्यांना भेटतात टिबुकली, वारकरी, पाणकोंबडी, खंड्या आणि राखी बगळा. एका बाईंनी मला तोंडावर विचारलं होतं, एवढं तिकीट काढून हेच बघायचं का? मी म्हटलं, हेच बघा, कारण आपल्याकडे ते तळ्याच्या मध्यावर ठिपक्यासारखे दिसतात आणि इथे चार-पाच मीटरवर. कालवा अरुंद आहे, पक्ष्याला लांब जायला जागाच नाही. मेअखेरीस टिबुकलीचे गाल विटकरी रंगाचे झालेले असतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका असतो, तो दुर्बिणीशिवाय दिसेल. घरट्यावरून उठताना ती घाईघाईने चोचीने कुजकं शेवाळ ओढून अंड्यांवर पसरते आणि मगच बुडी मारते. घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा ओला केरच. मागे एकदा आमच्यातल्या एका मुलाने तो केर काठीने ढकलायला काढला होता. अंडी दिसली तेव्हा त्याचाच चेहरा उतरला. तेव्हापासून काठ्या मी आपल्या हातात ठेवतो.

टिबुकलीची हाक घोड्याच्या शिंगराने खिंकाळावं तशी असते. ती आली की थांबा, पायवाटेच्या आतल्या कडेला सरका आणि तीस आकडे मोजा. बुडी मारलेली टिबुकली तेवढ्यात बहुधा वर येते, फक्त तुम्ही बघत असता तिथे येत नाही. खंड्याचं उलटं: त्याची बारीक, टोकदार शिट्टी आधी येते आणि पाण्यालगत निळी रेघ नंतर. शिट्टी आली की मान वळवायची नाही, पाण्याच्या लांबवर गेलेल्या टोकाकडे नजर ठेवायची. आणि हे लक्षात असू द्या, इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली खंड्याला किंवा बहिरी ससाण्याला घरट्यापाशी मुद्दाम त्रास देणं हा गुन्हा आहे. फोटोसाठीसुद्धा.

अर्ध्या तासाच्या चालीवर हाय पीक जंक्शन येतं. तिथली जुनी रेल्वे कार्यशाळा बघायची आहे, पण आधी पाच मिनिटं पुढे जाऊन लीवुडचं पंपघर बघून या. उंच चिमणी, तिच्या माथ्यावर ओतीव लोखंडाची टोपी. १८४९ मध्ये हे उभं राहिलं, आणि का, ते तुम्हाला आता माहीत आहे: मीरब्रुकने कालव्याचं पाणी पळवलं म्हणून. वाफेचं इंजिन डर्वेंटचं पाणी उचलून वर कालव्यात टाकायचं. पण नदीच्या पाण्यावर खालच्या गिरण्यांचाही हक्क होता, त्यामुळे पंपाला उपसा करायची परवानगी शनिवारी रात्री आठपासून रविवारी रात्री आठपर्यंतच. आठवड्याची तहान एका दिवसात भागवायची, म्हणून यंत्र एवढं दांडगं. तुम्ही गिरणीतले, सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सवाल्यांची कशी धावपळ असते ते तुम्हाला मी काय सांगायचं. इंजिन दुरुस्त केलेलं आहे आणि वर्षातून काही ठरावीक दिवशी ते वाफेवर चालवतात. तुमच्या तारखा जुळतात का, लेकीला आधी बघायला सांगा. जुळल्या तर बाकीचा बेत त्याभोवती बसवा.

पंपघराशेजारी कालवा दगडी सेतूवरून डर्वेंट ओलांडतो. त्या सेतूवर उभं राहिलं की खाली वाहतं पाणी आणि पायाशी थांबलेलं पाणी, दोन्ही एका नजरेत येतात. वहिनींनी खाली बघावं, तुम्ही वर. मग जागा बदला.

कार्यशाळेत रुळांचे तुकडे बघायला विसरू नका. ओतीव लोखंडाचे, आखूड, मधे पोट सुटलेले, म्हणून त्यांना माशाच्या पोटाचे रूळ म्हणत. लाकडी आडवे स्लीपर नाहीत; प्रत्येक बाजूला सुटे दगडी ठोकळे, कारण मधून घोडा चालायचा. असे ठोकळे पुढच्या वाटेवर कुंपणाच्या भिंतींत, पायऱ्यांत, कुठेही बसवलेले सापडतात. खूण ही की माथ्यावर बोटभर रुंदीची दोन भोकं असतात आणि भोकांभोवती कधीकधी गंजाचा तांबूस वळा. एका पावसाळी सकाळी अशाच एका ठोकळ्याच्या भोकात पाणी साठलं होतं आणि एक रॉबिन, इथला लाल छातीचा लहान पक्षी, त्यात चोच घालून मान वर करून पाणी पीत होता. खिळा ठोकण्यासाठी कुणीतरी हाताने पहार फिरवून पाडलेलं ते भोक. मी फोटो काढला नाही याची हळहळ अजून आहे.

आता चढ. दरीतल्या कालव्याला डोंगरापलीकडच्या पीक फॉरेस्ट कालव्याशी जोडायचं होतं. पहिला विचार कालव्याचाच होता. पण वरचं पठार चुनखडीचं. पडलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं, वर ओढेसुद्धा मोजकेच. कालव्याला पाणी आणणार कुठून? म्हणून जेसपच्या मुलाने, जोसायसने, रेल्वे आखली. १८२५ मध्ये कायदा झाला, १८३० आणि १८३१ मध्ये दोन टप्प्यांत ती सुरू झाली, लांबी ३३ मैल. पण डोकं कालवेवाल्याचंच: सपाट पट्टा, मग एकदम तीव्र उतार, पुन्हा सपाट पट्टा. कालव्यात जिथे पाण्याची दारं असती तिथे हे उतार आले. स्थानकांनाही ते धक्काच म्हणत. उतारावर वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, दोरखंडाला बांधून, माथ्यावरच्या वाफेच्या इंजिनाने ओढायच्या.

शीप पाश्चरचा चढ साधारण आठाला एक, काही ठिकाणी नवाला एक. आठ पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. रेल्वेसाठी हे भयंकर, गुडघ्यासाठी बरं: सरळ, एकसारखं, पायऱ्या नाहीत. तळाशी रुळांच्या दोन वाटांमध्ये एक खोल खड्डा आहे, त्यात मोडकी वाघीण पडलेली दिसते. १८८८ मध्ये वरून सुटलेलं धूड वेगाने खाली आलं, वळणावर न थांबता कालवा आणि पलीकडची मुख्य रेल्वेलाइन उडून शेतात जाऊन पडलं. मग हा खड्डा केला, सुटलेली वाघीण त्यात अडकावी म्हणून. मी दोन वर्षं लोकांना मोठ्या ऐटीत सांगत होतो की हीच ती १८८८ ची वाघीण. एक दिवस गटातल्या एका निवृत्त रेल्वे फिटरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग बाजूला घेऊन सांगितलं, बाबा रे, हिची बांधणी बघ, ही कितीतरी नंतरची आहे. खड्डा जुना, आतलं धूड नवं. तेव्हापासून लोखंडाबद्दल बोलण्याआधी गटात फिटर आहे का ते विचारून घेतो.

चढ चढताना कान उघडे ठेवा, कारण आवाज बदलत जातात. खाली पाण्याची खळखळ आणि धोब्याची चिवचिव. मध्यावर झाडीतले लहान गाणारे पक्षी, जे दिसत नाहीत आणि मान दुखवतात. त्यांच्यामागे वेळ घालवू नका. फोनवर मर्लिन नावाचं ॲप ठेवा, ते आवाजावरून नाव सुचवतं. सुचवतं, शिक्कामोर्तब करत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. माथ्यावर आलात की वारा लागतो आणि पाण्याचा आवाज पार बंद होतो.

ब्लॅक रॉक्स हे वाळूच्या खडकाचे काळे सुळके, पण माझं लक्ष त्यांच्या पायथ्याच्या उघड्याबोडक्या ढिगांवर असतं. शिशाच्या खाणीतून काढून टाकलेला हा दगडचुरा. इतकी वर्षं होऊन त्यावर गवत धड धरत नाही, कारण त्यात शिसं आहे. फक्त काही चिवट झाडं तग धरतात. त्यातलं एक लहान पांढऱ्या फुलांचं, लीडवर्ट, म्हणजे शिशाचं झाड म्हणूनच ओळखलं जातं. जुने खाणकामगार त्याच्यावरून शिशाचा माग काढत. शिशाने बाधलेल्या जमिनीला इथल्या बोलीत ‘बेलंड’ म्हणतात. तिथे चरलेली गुरं आजारी पडत. म्हणून डबा तिथे उघडू नका, आणि बसलात तर खाण्याआधी हात धुवा. पक्षी? ढिगावर जवळजवळ नाहीत, खायला काही नाही तर येतील कशाला. पण कडेच्या जुन्या रचीव भिंतींकडे बघा. चुना-माती न घालता नुसते दगड रचलेल्या या भिंतींत फटी असतात आणि तिथे थिरथिरा घरटं करतो. आपल्याकडे हिवाळ्यात येतो त्याचा हा भाऊबंद; याचं कपाळ पांढरं, शेपूट तसंच विटकरी आणि तशीच थरथरणारी.

या खाणींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. शिशाच्या खाणकामाचे कायदे इथे इतके जुने आहेत की त्यांचं वेगळं कोर्ट आहे, बारमोट. जवळच्या वर्क्सवर्थ गावात ते अजूनही वर्षातून एकदा भरतं, आणि खनिज मोजायचं १५१३ सालचं काशाचं माप तिथे जपून ठेवलंय. आपल्याआधी खणून गेलेल्यांना इथले खाणकामगार ‘म्हातारा’ म्हणत, त्यांच्या बोलीत ‘टौड मॅन’. खणताना जुना बोगदा लागला की म्हणायचं, इथे म्हातारा येऊन गेलाय. म्हाताऱ्याची भोकं अजून सगळीकडे आहेत. बरीच झाकली आहेत, पण गवतात गोल खळगा किंवा त्याभोवती कुंपण दिसलं तर त्यावर पाय द्यायचा नाही. दिवसभरात एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा.

मिडलटन टॉपचं इंजिनघर लांबूनच दिसतं. १८२९ मध्ये बटर्ली कंपनीने बनवून बसवलेलं तुळईचं वाफेचं इंजिन १९६३ पर्यंत त्याच जागी वाघिणी ओढत होतं. एकशे चौतीस वर्षं एकाच खात्यात, बदली नाही. दार बंद असेल तर खिडकीतून चाक दिसतं. चिमणीच्या तोंडाशी जॅकडॉ दिसतील: कावळ्याहून लहान, मान करडी, डोळा पांढुरका. त्यांना खोल, अंधारं, उभं भोक हवं असतं. पूर्वी कड्यांतल्या कपारी आणि झाडांच्या ढोली, आता चिमण्या आणि खाणींची तोंडं. त्यांच्या लेखी चिमणी विझली तेव्हा ती राहण्याजोगी झाली.

इथून पुढे जायचं की परत फिरायचं हे वहिनींच्या पायांना विचारा. पुढे हॉप्टनचा उतार आहे, चौदाला एक, तो मात्र पुढे दोराशिवाय नुसत्या इंजिनाने चढायचे. इंजिनवाले खालूनच वेग घेऊन यायचे. त्याआधी लहानसा बोगदा. पलीकडे पठार उघडं होतं आणि आभाळातून स्कायलार्कचं गाणं सुरू होतं, जे संपतच नाही. आपल्या चंडोलाच्या कुळातला, पण तुरा बेताचा आणि दम जास्त. इथे पाणपक्षी शोधू नका. सकाळपासूनच्या हिशोबात हे पठार म्हणजे शून्य पाण्याचा रकाना.

आसपास चुनखडीच्या खाणी आहेत, काही बंद. मिडलटन-हॉप्टनकडचा दगड फिका आणि एकजिनसी. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांवरच्या कितीतरी शिळा याच दगडाच्या. उभ्या कापलेल्या खडकाला बहिरी ससाणा कडाच समजतो. १९५० नंतर या पक्ष्याची संख्या कोसळली होती. डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दाखवलं की डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे अंड्यांची कवचं पातळ होत होती आणि घरट्यातच फुटत होती. फवारण्या थांबल्या आणि पक्षी परतला, तो मूळच्या कड्यांवरच नव्हे तर दगडखाणींत आणि शहरांतही. खाणीच्या कडेवर जाऊन त्याला शोधायची गरज नाही. तुम्ही डर्बीतच उतरणार आहात. तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर २००६ मध्ये फळी लावली आणि तेव्हापासून बहिरी तिथे वीण करतो. तिथल्या अभ्यासात असंही दिसलं की शहराच्या दिव्यांच्या उजेडात तो रात्री स्थलांतर करणारे पक्षीही मारतो. लेकीकडच्या कुठल्याही सकाळी दहा मिनिटं मान वर करा, मेअखेरीस पिल्लं मोठी झालेली असतात आणि आरडाओरडा ऐकूनच कळतं.

सामानाचं फारसं नाही. आठ पट मोठं दाखवणारी हलकी दुर्बीण पुरे, दहा पटीची चालताना हलते. पाऊस गृहीत धरा. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा, नकाशा घ्याच. त्यावर बंद खाण, बंद दगडखाण, उखडलेली रेल्वे हे सगळं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि आदल्या रात्री स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तोच भाग जुन्या नकाशांत बघा, फुकट आहे. आज जिथे नुसता झाडांचा पट्टा दिसतो तिथे तेव्हाचे रूळ आणि भट्ट्या सापडतात. जोडून आणखी एक दिवस कुठून तरी निघाला तर शेल्डनजवळची मॅगपाय खाण बघा. तिथे इंजिनघर, चिमण्या आणि जॅकडॉ यांच्याशिवाय दुसरं काही नाही, आणि तेवढंच पुरतं.

आता परतीची गिरणी, दुपारी तीनच्या आत पोहोचा. एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर माझ्यावर रागवाल: चात्यांच्या रांगा डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. पहिल्या इमारतीचे वरचे दोन मजले आगीत गेले आहेत, आणि विसाव्या शतकात इथे रंगद्रव्यांचा कारखाना होता. १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटीने आवार घेतलं तेव्हा ते साफ करण्यातच कितीतरी वर्षं गेली. तुमच्या कामाचं आहे ते आवार आणि पाण्याच्या वाटा. रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या मजल्यांवर खिडक्या नाहीत ते बघा; यंत्रं फोडायला येणाऱ्या जमावाची धास्ती होती. आत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालायच्या, त्यात लहान मुलंही. आणि ज्या रोलरांच्या जोड्या, पुढची मागचीपेक्षा वेगाने फिरून, तुमच्या रिंग फ्रेमवर पेळू ताणत होत्या, त्याच इथे पाण्यावर फिरत होत्या. कल्पना मात्र आर्कराइटची नव्हे. लुइस पॉलने १७३८ मध्येच रोलरांवर पेटंट घेतलं होतं, आणि आर्कराइटचं पेटंट १७८५ मध्ये कोर्टाने रद्द केलं. माणूस कल्पक म्हणण्यापेक्षा पक्का कारखानदार होता, असं माझं मत. तुम्ही बघून वेगळं म्हणालात तर ऐकायला आवडेल.

संध्याकाळची गाडी पकडायला निघाल तेव्हा वहिनींना दुर्बीण पिशवीत घालू देऊ नका. मेअखेरीस पाकोळ्या आलेल्या असतात आणि त्या वेळी त्या गावातल्या छपरांवरून किंचाळत घिरट्या घालतात. एखादी नजरेने पकडून ठेवलीत तर ती कुठल्या कौलाखाली शिरते ते दिसतं.